खारा वारा आणि घरची वीज

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मिठाचा प्रताप नव्याने सांगावा लागत नाही. खिडकीचे गज फुगतात, पत्र्याला भोके पडतात, दोन पावसाळ्यांत बिजागऱ्या कुरकुरू लागतात आणि महिनाभर पडून राहिलेल्या सायकलची साखळी हलेनाशी होते. हे सर्व डोळ्यांना दिसते, म्हणून आपण त्यावर रंग, तेल, ग्रीस असा काहीतरी उपाय करतो. परंतु हेच मीठ मीटर बोर्डात, स्विचच्या पाठीमागे, पंपाच्या पेटीत आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपवर काय करीत असते, याचा विचार बहुधा एखादे उपकरण जळाल्यावरच होतो.

आमचे सभासद किनाऱ्यावरील गावांत आणि मुंबईत विखुरलेले आहेत. आपली अनेक मुले आय.टी.आय.मधून वायरमन, इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडत आहेत. तेव्हा या विषयाची शास्त्रीय बाजू आणि घरात करता येण्याजोगे उपाय, दोन्ही एकत्र मांडावेत असे आम्हांस वाटले. लोक साधारणपणे विचारतात ते असे, की खाऱ्या हवेपासून टीव्ही, फ्रीज कसा वाचवावा? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. पण आमच्या मते खाऱ्या वाऱ्याचे सर्वांत वाईट काम वस्तू बिघडवणे हे नाही. जी तार आपला जीव वाचवण्यासाठी बसवलेली असते तीच तो कोणाला न कळवता खाऊन टाकतो, हे खरे संकट आहे. ती तार म्हणजे अर्थिंगची तार. तिच्याकडे येण्यापूर्वी मीठ हवेत येते कसे आणि करते काय, हे समजून घेऊ.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होताना मीठ वर जात नाही, हे शाळेत आपण शिकलो आहोत. मग ते हवेत कसे येते? लाट फुटते तेव्हा पाण्यात असंख्य बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटले की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. मोठे थेंब जवळच खाली पडतात. बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य इथे अक्षरशः लागू पडते. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांत मिठाचा मारा सर्वांत जास्त असतो आणि पुढे तो झपाट्याने कमी होतो. मात्र जोराच्या वाऱ्यात बारीक कण काही किलोमीटर आतपर्यंत पोहोचतात. खाडीच्या काठी पाणी खारे असले तरी लाटा फुटत नाहीत, म्हणून तेथे हा त्रास पुळणीवरच्या वस्तीपेक्षा कमी असतो.

नुसते कोरडे मीठ फारसे नुकसान करत नाही. ते पाणी ओढते तेव्हा त्रास सुरू होतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेतच पाणी ओढू लागते. म्हणूनच खडेमीठ बारीक शुद्ध मिठापेक्षा लवकर पाझरते. कोकणातील हवा वर्षातील बराच काळ इतकी दमट असते की, ज्या पृष्ठभागावर मिठाचा पातळ थर बसला तो पाऊस नसतानाही ओलाच राहतो. आपल्याला ती ओल दिसत नाही, पण विजेला ती पुरते.

यातूनच एक गोष्ट निघते, जी ऐकून अनेकांना नवल वाटते. उघड्यावर पावसात भिजणाऱ्या लोखंडापेक्षा पडवीत, वळचणीखाली असलेले लोखंड पुष्कळदा जास्त गंजते. उघड्यावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखाली वारा मीठ आणून टाकतो, पण पाऊस तेथे पोहोचत नाही; थरावर थर साचत जातो. आणि आपल्याकडे मीटर बोर्ड कोठे असतो? बहुतेक घरांत पडवीतच, आणि घराचे तोंड समुद्राकडे असेल तर नेमका खाऱ्या वाऱ्याच्या समोर. नवे घर बांधताना किंवा जुन्या घराची वायरिंग बदलताना बोर्ड समुद्राच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीवर घेतला, तर एक पैसाही जास्त खर्च न करता अर्धे काम होते. मीटरची जागा बदलण्यासाठी मात्र वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करावा लागतो. ते काम परस्पर करू नये.

आता गंजण्याविषयी. गंजणे म्हणजे धातूचे नुसते कुजणे नव्हे, ती एक छोटी बॅटरीच असते. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारे पाणी आले, की त्यांतील एक धातू झिजू लागतो आणि दुसरा वाचतो. तांबे आणि ॲल्युमिनियम टेकले तर ॲल्युमिनियम झिजते; तांबे आणि लोखंड टेकले तर लोखंड झिजते; लोखंड आणि जस्त टेकले तर जस्त झिजते आणि लोखंड वाचते. पत्र्याला, नळाला आणि अर्थिंगच्या जी.आय. तारेला जस्ताचा मुलामा देतात तो यासाठीच. सर हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली हेच तत्त्व वापरून आरमारी जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती सुचवली. तांबे खरोखर वाचले. पण विरघळणाऱ्या तांब्यामुळे दूर राहणारे शिंपले आणि शेवाळ आता तळाला खुशाल चिकटू लागले, आणि जहाजे मंदावली! असो. आजही लोखंडी ट्रॉलरच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात आणि त्या झिजल्या की बदलतात, ते याच तत्त्वावर.

घरातील उदाहरण द्यायचे तर पितळी भांड्याच्या कल्हईचे देता येईल. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, कारण आंबट-खारट पदार्थ आणि उघडे तांबे समोरासमोर येतात. कथलाचा पातळ थर मधे आला की ते थांबते. विजेच्या कामातही अगदी हेच करतात. चांगली तांब्याची लग कल्हई केलेली, म्हणजे पांढरी दिसणारी असते, आणि बोटींसाठी बनणाऱ्या तारेचा प्रत्येक धागा कल्हई केलेला असतो. किनाऱ्यावरील घरासाठी लग घेताना तांबूस, उघडी लग स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि घरातील वायरिंग तांब्याची. दोहोंची गाठ जेथे पडते तेथेच खरे दुखणे असते. आमच्या पाहण्यात पुष्कळ ठिकाणी हा सांधा दोन तारांना पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून केलेला असतो. टेप दोन वर्षांत सुटते, आत खारी ओल शिरते, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि सांध्याचा रोध वाढत जातो. पाव ओहम रोध म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला तर त्या बोटभर जागेत २५ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातल्या डागणीइतकी. टेप वितळते, लाकडी बोर्ड काळा पडतो, आणि एखाद्या रात्री इस्त्री किंवा गीझर चालू असताना त्यातून ठिणगी उडते. अशा सांध्यासाठी ॲल्युमिनियम आणि तांबे जोडणारे खास कनेक्टर मिळतात. तेच वापरावेत, आणि सांध्यात ओल जाऊ नये म्हणून सांध्यासाठी मिळणारी पेस्ट भरावी. आणखी एक लहानसा नियम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. तांब्याची तार कधीही ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ती लोखंडाच्या वर नेऊ नये, खालून न्यावी. तांब्यावरून ओघळणारे पाणी तांब्याचे क्षार घेऊन येते आणि खालच्या धातूला खड्डे पाडते.

मिठाचे दुसरे काम गंजण्याचे नाही, गळतीचे आहे. खांबावरील चिनी मातीच्या इन्सुलेटरवर नोव्हेंबरपासून मेपर्यंत मीठ आणि धूळ साचत जाते. कोरडे असेपर्यंत ठीक असते. पहाटे दव पडले, धुके आले किंवा मृगाची पहिली बारीक सर आली, की तो थर ओला होऊन वीज वाहू लागतो. रात्रीच्या वेळी खांबावर निळसर ठिणग्या आणि चरचर आवाज येतो तो यामुळे, आणि पहिल्याच शिडकाव्याला लाइन जाते तीही पुष्कळदा यामुळेच. मोठा पाऊस एकदा झोडपून गेला की इन्सुलेटर धुतले जातात आणि त्रास कमी होतो. म्हणून भर आषाढात वीज टिकते आणि ज्येष्ठाच्या पहिल्या थेंबाला जाते, यात वायरमनचा आळस दरवेळी नसतो. तेवढा न्याय त्या बिचाऱ्याला द्यावा. अशा भागात लांब पाकळ्यांचे किंवा पाणी न धरणाऱ्या सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर वापरल्यास फरक पडतो.

घरातही अशीच गळती होते, फक्त ठिणगी दिसत नाही. ओल्या बोर्डातून, पंपाच्या जुन्या वायंडिंगमधून, फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या टोकांवरून थोडा थोडा प्रवाह उपकरणाच्या लोखंडी अंगावर येतो. "फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात" असे घरातील माणसे सांगतात आणि चप्पल घालून फ्रीज उघडतात. हा उपाय नव्हे. ती झिणझिणी ही सूचना असते की, प्रवाहाला जमिनीत जाण्याची जी वाट करून ठेवली होती ती बंद झाली आहे. येथून आपण अर्थिंगकडे येतो.

तुटलेली फेजची तार लगेच कळते, कारण दिवा विझतो. अर्थिंगची तार मात्र नेहमीच्या दिवसांत काहीच काम करीत नाही. ती गंजून तुटली तरी पंखा फिरतो, टीव्ही चालतो, बिल येते. वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. आणि किनाऱ्यावर ती तुटण्याची जागाही ठरलेली असते. जमिनीतून तार वर येते तेथे, बोटभर मातीखाली आणि बोटभर वर, हवा, ओल आणि मीठ तिन्ही एकत्र असतात. आधी जस्त जाते, मग लोखंड पेन्सिलीच्या शिसाएवढे बारीक होते, आणि एक दिवस सुटते. दुसरी जागा पाइपवरच्या नट-बोल्टची. बोल्ट वरून शाबूत दिसतो, पण लग आणि पाइप यांच्या मधे गंजाचा पापुद्रा बसलेला असतो, आणि गंज हा विजेचा चांगला वाहक नाही.

या ठिकाणी थोडा हिशेब करू. विद्यार्थ्यांनी तो कागदावर करून पाहावा. समजा, गंजामुळे अर्थिंगचा एकूण रोध १०० ओहम झाला आहे आणि पंपात बिघाड होऊन फेज त्याच्या अंगाला टेकली आहे. २३० व्होल्टला १०० ओहमने भागले तर २.३ अँपिअर प्रवाह येतो. बोर्डातील १६ अँपिअरचा एमसीबी हा प्रवाह नेहमीचाच समजतो आणि पडत नाही. पंपाचे अंग जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर राहते. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला तर त्याच्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. १० ते १५ मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वासाला आणि हृदयाला धोका सुरू होतो. फ्यूज जागेवर, दिवे चालू, आणि माणूस पंपाला चिकटलेला, हे चित्र या आकड्यांतून उभे राहते.

अर्थिंग तपासण्याची एक जुनी रीत आहे. फेज आणि अर्थ यांच्या मधे १०० वॉटचा बल्ब लावायचा. तो लागला की अर्थिंग चांगली. ही रीत फसवी आहे. १०० वॉटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचाच रोध ५२९ ओहम असतो. अर्थिंगचा रोध १०० ओहम असला तरी बल्बला सुमारे १९० व्होल्ट मिळतात आणि तो चांगला उजळतो. म्हणजे बल्ब एवढेच सांगतो की तार पूर्ण तुटलेली नाही. संकटात ती उपयोगी पडेल असे तो सांगत नाही. खरी तपासणी अर्थ टेस्टरनेच होते आणि ती मे महिन्यात करून घ्यावी. जुलैत माती पाण्याने भरलेली असते, तेव्हा कोणतीही अर्थिंग चांगलीच दिसते.

माती कोणती, हाही प्रश्न आहे. पुळणीजवळ आणि खाजणाच्या कडेला जमीन खारी व ओली असते. तेथे रोध सहज कमी मिळतो, पण पाइप लवकर खातो. त्याच गावात वर सड्यावर जांभा असतो. उन्हाळ्यात कोरडा पडलेला जांभा वीज सहजासहजी घेत नाही. तेथे एक पाइप पुरत नाही, अंतर ठेवून दोन-तीन पुरून जोडावे लागतात. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. मिठाने मातीचा रोध कमी होतो हे खरे, पण तेच मीठ जस्ती पाइप कुरतडते. सड्यावर नाइलाजाने मीठ वापरले तर पाइपची तपासणी वारंवार करावी. समुद्राकाठच्या खाऱ्या जमिनीत मात्र गोणभर मीठ ओतणे म्हणजे समुद्रात मीठ टाकण्यासारखेच आहे. ते टाळावे, आणि परवडत असेल तर तांब्याचा मुलामा असलेली सळई वापरावी. त्या सळईला जी.आय. पट्टी जोडायची असल्यास सांधा जमिनीच्या वर, दिसेल असा ठेवावा. कारण दोन धातूंची ती गाठ म्हणजे पुन्हा तीच बॅटरी.

एका गोष्टीचा आम्ही स्पष्ट निषेध करतो. अर्थिंग मिळत नाही म्हणून काही जण प्लगमधील अर्थची पिन मागच्या मागे न्यूट्रलला जोडून देतात. टेस्ट बल्ब लागतो आणि मालकाचे समाधान होते. परंतु किनाऱ्यावर न्यूट्रलचा सांधाही गंजतोच. तो तुटला, की घरातील चालू दिव्यांमधून आलेला फेज थेट फ्रीजच्या, इस्त्रीच्या, कपडे धुण्याच्या यंत्राच्या अंगावर येतो, तेही त्या उपकरणात काहीही बिघाड नसताना. असे काम आपल्या मुलांनी कोणाच्याही आग्रहावरून करू नये.

आता दुसरा राखणदार, आरसीसीबी. पूर्वीच्या सवयीने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढेच तो पाहतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला तर तो ०.३ सेकंदाच्या आत, आणि १५० मिलिअँपिअर झाला तर ०.०४ सेकंदाच्या आत वीज तोडतो. वरच्या हिशेबातील पंपाच्या घरात तो बसवलेला असता, तर २.३ अँपिअरची गळती सुरू होताच, कोणी हात लावण्यापूर्वीच वीज गेली असती. म्हणजे अर्थिंग गंजून कमजोर झाली तरी तो सांभाळून घेतो, आणि अर्थिंग शाबूत असली तर माणसाला झटका बसण्याची वेळच येत नाही. म्हणून दोन्ही हवेत. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा. तो जास्त प्रवाहापासून किंवा शॉर्ट सर्किटपासून रक्षण करीत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा लागतो; आणि माणसाचा एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला ते कळत नाही, हेही सांगितले पाहिजे.

किनाऱ्यावर आरसीसीबीची खरी अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात तो वारंवार पडतो, लोक कंटाळतात आणि "डायरेक्ट करून द्या" म्हणतात. तो पडतो का, हे पाहू. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० यांच्या मधे कोठेही पडू शकतो. दहा ठिकाणी खाऱ्या ओलीतून दीड-दोन मिलिअँपिअर गळत असेल, तर बेरीज तेथपर्यंत पोहोचते. तेव्हा तो बिघडलेला नसतो, खरे तेच सांगत असतो. सर्व एमसीबी बंद करून एकेक चालू करत गेले तर दोषी सर्किट सापडते. एकेका सर्किटचा एमसीबी फक्त फेज तोडत असेल आणि न्यूट्रलमध्येही गळती असेल, तर ही रीत चुकते. मग वायरमनला न्यूट्रल सुटे करून मेगरने पाहावे लागते. आमच्या अनुभवात पहिला संशय अंगणातील दिव्यावर घ्यावा, दुसरा पंपावर आणि तिसरा न्हाणीघरातील गीझरवर. बाहेरच्या दिव्यांसाठी आणि पंपासाठी आरसीसीबी वेगळा ठेवला, तर पावसात सारे घर अंधारात जात नाही. त्यावरील 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. मीठ आणि ओल त्याच्या आतील खटक्यालाही जाम करतात, आणि वर्षानुवर्षे न हललेला खटका ऐन वेळी हलेलच असे नाही. या बटणाने अर्थिंगची तपासणी मात्र होत नाही.

वस्तू वाचवण्याविषयी आता सांगतो. बाहेरची पेटी पत्र्याची न घेता चांगल्या प्लास्टिकची, आयपी ६५ लिहिलेली घ्यावी. त्यातील ६ हा आकडा धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतो. वायर वरून आत घेऊ नये, खालून ग्लँड लावून घ्यावी, आणि आत जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तेथूनच टपकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पण दुकानात सर्रास मिळणाऱ्या ३०४ जातीवरही समुद्राकाठी तपकिरी डाग पडतात. ३१६ जातीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ती टिकते. नट-बोल्ट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा, आधी नव्हे. छतावरच्या पंख्याची दांडी, वरचा बोल्ट आणि त्यातील कॉटर पिन दरवर्षी पाहावी. पिन गंजून पडली तर पंखा खाली येतो.

मुंबईकर चाकरमान्यांच्या बंद घरांचे दुखणे निराळे आहे. चालू उपकरण थोडे गरम राहते आणि ती ऊबच त्याचे रक्षण करते. हवा ३० अंश सेल्सिअसला ८० टक्के दमट असताना पेटीच्या आतील तापमान ५ अंशांनी वाढले, तर आतील आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर उतरते, म्हणजे मिठाला पाणी सुटण्याच्या पातळीखाली. बंद घरात ही ऊब नसते. आठ महिन्यांनी, मे महिन्यात किंवा सणावाराला येऊन सर्व बटणे एकदम दाबली की टीव्ही किंवा इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी जातो. घर बंद करताना टीव्हीसारख्या वस्तू कोरड्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून तोंड बांधून ठेवाव्यात. आल्यावर दारे-खिडक्या उघडून एक दिवस ऊन-वारा लागू द्यावा, आरसीसीबीचे बटण दाबून पाहावे आणि मग एकेक उपकरण सुरू करावे.

एअर कंडिशनरचे बाहेरचे यंत्र समुद्राच्या तोंडाला बसवू नये. त्यात तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, म्हणजे खाऱ्या वाऱ्याला आयतेच निमंत्रण. वीज बंद करून महिन्या-दोन महिन्यांनी पात्यांवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडली, तर त्याचे आयुष्य वाढते. छतावरील सौर पॅनेलचे तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांसाठी केंद्राची योजना सुरू झाल्यापासून कोकणातही पॅनेल दिसू लागले आहेत. त्यांच्या ॲल्युमिनियम चौकटीला अर्थिंगची उघडी तांब्याची तार थेट आवळलेली असेल, तर मधे स्टेनलेस वॉशर आणि कल्हईची लग घालून घ्यावी.

शेवटी वादळाविषयी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी समुद्राचे पाणी उधाणाने घरात शिरले, तर मेन स्विचला हात लावण्यासाठी पाण्यात उतरू नये. खांबावरून पुरवठा बंद झाल्याची खात्री करून घ्यावी. पाणी ओसरल्यावर भिजलेला बोर्ड, स्विच, एमसीबी आणि आरसीसीबी सरळ बदलावेत. ते वाळवून वापरण्यात शहाणपण नाही. मोटारीची गोष्ट वेगळी. ती वाचू शकते, पण आधी उन्हात ठेवल्यास पाणी जाते आणि मीठ आतच राहते. म्हणून प्रथम भरपूर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावी, मग वाळवावी, आणि मेगरने तपासल्याशिवाय जोडू नये. वायंडरकडे नेताना तिच्यात समुद्राचे पाणी गेले होते असे आवर्जून सांगावे. नाहीतर पावसात भिजली असे समजून तो ती नुसती तापवून परत देईल.